नांगराच्या पाठीवरचा पिवळा दिवा

मित्रांनो, माझं तोंड जन्मापासून मागे आहे. एक दिवस सोडला तर पुढे काय चाललंय ते मला कधी दिसलं नाही, आणि मी त्याची कधी हौसही धरली नाही. मी पिवळ्या काचेचा, आत गोल फिरणारा आरसा असलेला एक जुना दिवा आहे. नॉर्वेच्या उंच पठारावरून जो महामार्ग जातो, त्यावरचा बर्फ हटवणाऱ्या गाडीच्या पाठीवर माझी जागा आहे. त्या गाडीच्या पुढे भलंमोठं लोखंडी पातं असतं, म्हणून आमच्याकडे तिला नुसतं नांगर म्हणतात. नांगराचं कौतुक सगळे करतात. मुलं त्याचे फोटो काढतात. दिव्याचा फोटो कोणी काढत नाही, आणि तरीही वादळात मागून येणारा प्रत्येक जण नांगराकडे नाही, माझ्याकडे बघत असतो. एवढा मान मला पुरतो.

माझा जन्म खाडीकाठच्या एका लहानशा कारखान्यात झाला. तिथल्या एका बाईने माझ्यात बल्ब बसवला, वर काच घातली आणि मला पहिल्यांदा पेटवलं. माझा उजेड खोलीभर फिरला. भिंतीवरून, तिच्या चेहऱ्यावरून, खिडकीबाहेरच्या बर्फावरून. तिला दुसऱ्या दिव्यांचं काम होतं, पण ती हात थांबवून थोडा वेळ बघत राहिली. मग तिने मला खोक्यात घातलं. तो थोडा वेळ मला अजून आठवतो.

खोकं उघडलं ते आस्लाकने. आस्लाक म्हणजे रुंद खांद्यांचा, तुसडा वाटणारा, पण मनाने मऊ असा माणूस. पठारावरचा नांगर तो चालवायचा. बाकीचे चालक दिवा गाडीच्या छपरावर लावत. याने लोखंडाचा एक हात तयार केला, गाडीच्या मागे खाली वेल्डिंगने जोडला आणि त्यावर मला बसवलं. त्याचे सोबती हसले.

"आस्लाक, गाडीच्या शेपटाला आग लागलीय तुझ्या."

"छपरावरचा दिवा आभाळाला दिसतो," आस्लाक म्हणाला. "आभाळ माझ्या गाडीवर आपटणार नाही. मागचा माणूस आपटेल. त्याच्या डोळ्यांसमोर हवा दिवा."

पहिल्याच हिवाळ्यात मला कळलं की तो काय म्हणत होता. मित्रांनो, पठारावरचं वादळ मी इतक्या वेळा पाहिलंय, पण त्याचं नवल काही संपलं नाही. वारा सुटला की आधी डोंगर जातात. मग रस्त्याची कड कळावी म्हणून शरद ऋतूत रोवलेल्या उंच काठ्या एकेक करून जातात. शेवटी आभाळ आणि जमीन यांच्यातली रेघच पुसली जाते, आणि भर दुपारी तुम्ही पांढऱ्या काळोखात उभे असता. वर कुठलं, खाली कुठलं, काही उमगत नाही. त्यातच नांगर आपल्या पात्याने भुरभुरीत बर्फ उडवतो आणि गाडीमागे त्या बर्फाचा एक ढग तयार होतो. गाडी त्या ढगात पुरती लपते. मागून वेगाने येणाऱ्याला वाटतं, पुढे रस्ता मोकळा आहे, आणि त्या मऊ पांढऱ्याच्या आत काही टन लोखंड सावकाश चाललेलं असतं. पठारावरचे बहुतेक अपघात असेच झाले आहेत. कोणाला घाई होती, कोणी ढगातून पुढे काढायला गेला.

त्या ढगात मी पेटायचो. माझा आरसा फिरायचा आणि ढग आतून सोन्यासारखा व्हायचा, विझायचा, पुन्हा व्हायचा. बर्फ माझ्यावरही बसायला बघायचा, पण माझा बल्ब जुन्या पद्धतीचा, चांगला तापणारा. काचेवर बसलेला बर्फ पाघळून ओघळायचा. सगळी गाडी पांढरी व्हायची आणि मी तेवढा ओला, स्वच्छ, पिवळा राहायचो. एवढ्याशा उबेपुढे एवढं वादळ माघार घेतं, हे बघून माझं मलाच आश्चर्य वाटायचं.

वारा फारच वाढला की रस्ता बंद होतो. पायथ्याला फाटक पडतं, गाड्या तिथे जमतात आणि मग त्यांचा तांडा करून नांगरामागून पलीकडे नेतात. आमच्या पठारावरची ही जुनी रीत आहे. फाटकापाशी लोक थर्मासमधली कॉफी पितात, संत्री सोलतात, एकमेकांची चौकशी करतात. आस्लाक एकेका गाडीपाशी जायचा, काचेवर टकटक करायचा. काच खाली आली की सांगायचा, "दिवे चालू ठेवा. थांबावं लागलं तर गाडीतून उतरू नका. मला ओलांडून कोणीही पुढे जायचं नाही. आणि दिवा नजरेतून सोडू नका." सगळ्यात शेवटी तो माझ्यापाशी यायचा, लोकरी हातमोज्याने माझी काच पुसायचा आणि म्हणायचा, "चल रे पिवळ्या." मग तांडा निघायचा.

मग माझ्या मागे ती गाड्यांची रांग. पुढच्या काचेआड चेहरे. कोणी घाबरलेला, कोणी जांभया देणारा, कोणी गाणं म्हणणारा. सगळे अनोळखी, आणि सगळ्यांनी आपापला जीव माझ्या एका उजेडाच्या हवाली केलेला. मला एवढं कसं सोपवतात हे लोक, असं मला दरवेळी वाटायचं आणि अंगावर काटा यायचा. माझ्यासारख्या काचेच्या अंगावर काटा कसा येतो हे विचारू नका.

वर्षं गेली. आस्लाकची कंबर धरायला लागली. त्याची मुलगी मारित, तिचं लग्न हाल्वोरशी झालं, आणि आस्लाकच्या जागी नांगर चालवायला तोच आला. हाल्वोर उंच, हसतमुख, सतत काहीतरी गुणगुणणारा. काम तो मनापासून शिकला. आमच्याकडे सासऱ्यालाही नावानेच हाक मारतात, त्यामुळे दोघांची जुंपली की ती बरोबरीने जुंपायची.

मग नवा नांगर आला. त्याच्या पाठीवर नवे दिवे होते, चपटे, डोळे दिपवणारे, वीज फारशी न खाणारे. मी खोटं कशाला बोलू, मला त्यांचा हेवा वाटला. माझ्यापेक्षा कितीतरी लांबून दिसायचे ते. जुना नांगर मोडीत निघाला. मला भंगाराच्या पिंपात टाकणार होते, तेवढ्यात आस्लाकने मला काखोटीला मारलं आणि घरी नेलं. त्याच्या कोठारात, लोकरीच्या पोत्यांशेजारी एका खिळ्यावर मी लटकलो. खाली मेंढ्या रवंथ करायच्या. मी त्यांच्याकडे बघायचो. त्या माझ्याकडे बघत नसत.

एका संध्याकाळी हाल्वोर आणि मारित जेवायला आले तेव्हा आस्लाकने विषय काढला.

"तुझे नवे दिवे हाताला गार लागतात."

"लागू देत की," हाल्वोर म्हणाला. "मी काय त्यांच्यावर भाकरी भाजणार आहे?"

"गार दिव्यावर बर्फ बसतो. बसला की राहतो."

"पुसतो मी."

"दरवेळी?"

"जमेल तेव्हा. आस्लाक, तुझा दिवा म्हातारा झालाय, तुझ्यासारखाच. दोघांनी आता कोठारात आराम करा."

मारित हसली. आस्लाकही हसला, पण मनातून हलला नव्हता. हाल्वोरनेही ते बोलणं अगदीच वाऱ्यावर सोडलं नाही. नव्या दिव्यांवर बर्फ साचतो हे त्याच्याही ध्यानात आलं होतं. म्हणून त्याने तांड्याच्या नियमांत एका नव्या नियमाची भर घातली. तो सगळ्यांना सांगायचा, "दिवा दिसेनासा झाला तर पुढे सरकू नका. जागच्या जागी थांबा. मी परत येऊन घेऊन जाईन." नियम चांगला होता. पुढे जे घडलं ते नियम वाईट होता म्हणून घडलं नाही.

ईस्टरची सुट्टी आली. आमच्याकडे ईस्टरला निम्मा देश डोंगरातल्या लाकडी घरांकडे निघतो, आणि वाराही नेमका तेव्हाच सुटतो. मारित वडिलांकडे आली होती, तिला पठारापलीकडे आपल्या घरी परतायचं होतं. आस्लाक तिला सोडायला निघाला. निघताना त्याने मला खिळ्यावरून काढलं. मोटारीच्या बॅटरीवर चालेल असा बल्ब माझ्यात घातला, वायरला मोटारीत बसेल असा प्लग जोडला.

"हे कशाला?" मारितने विचारलं.

"तुझ्या नवऱ्याला पेटवून दाखवतो. मग बघू कोण म्हातारा आहे ते."

मारितने मला मांडीवर घेतलं. फाटकाशी मोठी रांग होती. आस्लाकने फाटकवाल्याशी जुनी ओळख काढली आणि आपली गाडी रांगेत पहिली, नांगराच्या अगदी मागे लावून घेतली. हाल्वोर एकेकाला नियम सांगत आला. आस्लाकच्या काचेशी वाकला आणि हसायला लागला.

"आता तुला काय नियम सांगू, आस्लाक? तुझेच नियम आहेत."

"मग नको सांगूस. मागच्यांना सांग. त्यांना गरज आहे."

हाल्वोरने आत हात घालून मारितच्या गालाला हात लावला, माझ्याकडे बघून भुवया उडवल्या आणि पुढे गेला. तेवढ्यात फाटकवाल्याने हाक मारली की वारा आणखी वाढतोय, निघायचं तर आत्ताच निघा. हाल्वोर धावत जाऊन गाडीत चढला. नवे दिवे पुसायचे राहून गेले.

मित्रांनो, त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा पुढे पाहिलं. मारितच्या मांडीवरून मला नांगराची पाठ दिसली, आणि तिथे, जिथे मी इतकी वर्षं होतो, तिथे दुसरे दिवे लखलखत होते. किती सुंदर दिसत होते ते. माझ्या मागे येणाऱ्यांना मी असाच दिसत असेन का, या विचाराने मला भरून आलं. नांगराने बर्फ उडवला, ढग उठला, दिव्यांच्या उजेडात तो पेटला, आणि मला पहिल्यांदा कळलं की ते सगळे अनोळखी लोक एवढ्या भरवशाने मागून का यायचे. त्या पांढऱ्यात तोच एक ठिपका घरासारखा वाटत होता.

चढ सुरू झाला. वारा आडवा आला. ठिपका फिकट झाला. मग दुधात बुडावा तसा दिसेनासा झाला, पुन्हा जरासा दिसला, आणि गेला.

आस्लाक स्टिअरिंगवर वाकला आणि त्याने गाडी थोडी दामटली.

"बाबा, हळू."

"दिवा नजरेतून सोडायचा नाही."

"पण दिसतोय कुठे दिवा?"

"म्हणूनच पुढे जातोय. आणखी थोडं जवळ गेलं की दिसेल."

त्याची यात काय चूक, तुम्हीच सांगा. मी पाठीवर असताना हा नियम बिनचूक होता. मी लांबूनच दिसायचो, म्हणून लोक लांबच राहायचे. आता दिवा बर्फाखाली गाडला गेला होता, आणि तोच नियम माझ्या आस्लाकला त्या लोखंडाच्या जवळ जवळ ओढून नेत होता. नवा नियम रांगेतल्या प्रत्येकाला ठाऊक होता. फक्त पहिल्या गाडीतल्या माणसाला तो कोणी सांगितला नव्हता.

"बाबा, थांब," मारित म्हणाली. या वेळी तिचा आवाज वेगळा होता.

ढगातून एकाएकी एक काळी भिंत समोर आली. आस्लाकने करकचून ब्रेक दाबला. गाडी घसरली आणि भिंतीच्या अलीकडे थोडक्यात थांबली. दोघांनी श्वास सोडला. पुढे रस्त्यावर बर्फाचा मोठा ढीग साचला होता म्हणून नांगर थांबला होता, आणि ती भिंत म्हणजे त्याचीच पाठ होती. आणि मग आस्लाकला आठवलं, आणि त्याचा चेहरा उतरला. इतकी वर्षं त्यानेच ते केलं होतं. असा ढीग आडवा आला की नांगर आधी मागे येतो. मागे येऊन, जोर घेऊन मग पात्याने धडक मारतो.

भिंत मागे सरकायला लागली.

आस्लाकने हॉर्न दाबून धरला. वाऱ्याने तो गिळून टाकला. त्याने आरशात पाहिलं. मागच्या गाडीचा मालक नियम पाळून थांबला होता, पण कुठे, किती अंतरावर, ते त्या पांढऱ्यात कळायला मार्ग नव्हता, त्यामुळे मागेही जाता येईना. आमच्या मोटारीचे दिवे नांगराच्या मागे बाहेर आलेल्या, रस्त्यावर टाकायच्या वाळूच्या पेटीखाली गेले होते, हाल्वोरला ते दिसणं शक्यच नव्हतं. फोन तर पठारावर नेहमीच मुका असतो. मारितने माझा प्लग खोचला, काच खाली केली आणि मला घट्ट पकडून हात बाहेर काढला, बाजूला, उंच.

मी वादळात होतो. कोठारात एवढा काळ काढल्यावर पुन्हा त्याच वाऱ्यात. माझा आरसा गंजला होता, मोटारीची वीजही अपुरी. मी कण्हत कण्हत एक फेरी घेतली. बर्फ काचेवर येऊन आदळला. मी मनात म्हटलं, पाघळ, बाबा, पाघळ. आणि तो पाघळला. मी दुसरी फेरी घेतली. मारितने हात खाली येऊ दिला नाही. लोखंड इतकं जवळ आलं की त्यावरचा गोठलेला बर्फ मला माझ्याच उजेडात दिसत होता. मी तिसरी फेरी घेतली.

हाल्वोरने नंतर सांगितलं ते असं. तो बाजूच्या आरशात बघून गाडी मागे घेत होता. आरशात नुसतं पांढरं होतं. मग त्यात काहीतरी पिवळं हललं, विझलं, पुन्हा हललं. असं सावकाश फिरणारा दिवा त्याने आयुष्यात एकच पाहिला होता, आणि तो तर कोठारात मेंढ्यांजवळ होता. काय आहे हे त्याला कळायच्या आधी त्याच्या पायाने ब्रेक दाबला होता.

भिंत थांबली. मारितने हात पुढे केला असता तर मी त्या लोखंडाला टेकलो असतो.

हाल्वोर उतरून मागे आला. गाडीच्या कडेला धरत धरत, वाऱ्याला अंग देत. त्याने आस्लाकची मोटार पाहिली, मारितला पाहिलं. मग तो नांगराच्या पाठीकडे वळला. नव्या दिव्यांवर बर्फाची जाड ताटली गोठली होती. त्याने ती मुठीने फोडली. ती खाली पडली आणि आतले दिवे जणू काही झालंच नाही असे लखलखले. त्यांचा काय दोष. तेही बिचारे आत पेटलेलेच होते.

आस्लाकने काच खाली केली. दोघे एकमेकांकडे बघत होते.

"तू मला नियम सांगितला नाहीस," आस्लाक म्हणाला.

"तूच म्हणालास, नको सांगूस."

"म्हणालो खरा. मग आता सांग."

आणि मित्रांनो, त्या घोंघावणाऱ्या वाऱ्यात हाल्वोरने त्याला सगळे नियम पहिल्यापासून सांगितले. पहिल्यांदाच डोंगरात आलेल्या पाहुण्याला सांगावेत तसे, एकही न गाळता. दिवे चालू ठेव. गाडीतून उतरू नकोस. मला ओलांडू नकोस. दिवा नजरेतून सोडू नकोस. दिवा दिसेनासा झाला तर पुढे सरकू नकोस, थांब, मी परत येईन. आस्लाक, ज्याने शेवटचा सोडून बाकी सगळे नियम त्या पठारावर रुजवले होते, तो मान हलवत ऐकत होता, एकदाही मध्ये बोलला नाही. मी अजून मारितच्या हातात फिरत होतो. तिची बोटं गारठून निळी पडली होती, माझ्या काचेला टेकलेली तेवढी सोडून.

"माझी चूक जास्त आहे," हाल्वोर म्हणाला. "मी दिवे पुसले नाहीत."

"बाकीचं घरी गेल्यावर वाटून घ्या," मारित म्हणाली. "आधी आम्हाला पलीकडे ने."

पलीकडे पोचल्यावर हाल्वोरने त्याच आठवड्यात नव्या नांगराच्या पाठीवर लोखंडाचा हात वेल्डिंगने जोडला. किती उंचीवर, ते त्याने आस्लाकला मोटारीत बसवून, त्याच्या डोळ्यांच्या रेषेत खूण करून घेतलं. आता मी तिथे आहे, नव्या दिव्यांच्या मधोमध. ते लांबून दिसतात, मी वादळात दिसतो. सुरुवातीला आमचं फारसं पटलं नाही, पण शेजाऱ्याशी कधीतरी जमतंच. तांडा निघण्याआधी हाल्वोर आम्हा सगळ्यांना हातमोज्याने पुसतो. फाटकवाला कितीही ओरडला तरी पुसतो.

आणि आस्लाक पठार ओलांडायला आला की रांगेत कुठेही असला तरी काच खाली करून थांबतो. हाल्वोरने नियम सांगून झाल्याशिवाय तो काच वर करत नाही. त्याच्या मागचे लोक हसतात. हसू देत.

मित्रांनो, तुमच्याकडे बर्फ पडत नसेल, पण घाटातलं धुकं तुम्हाला माहीत आहे, आणि रस्त्यावर सावकाश काम करणारी, पिवळा दिवा लावलेली गाडीही तुम्ही पाहिली असेल. तिच्या मागे असाल तर तिला तिचं काम करू द्या. तुमच्या गाडीचे दिवे पुसा. कितीही जुने जाणते असाल तरी नियम एकदा ऐकून घ्या. आणि दिवा दिसेनासा झाला तर पुढे सरकू नका, तिथेच थांबा. मी फार लांब नसतो, आणि माझं तोंड तुमच्याकडेच असतं.